बँडमध्ये बास ऐकू यायला हवा: ॲम्प, कॅब, पेडल... आधी काय घ्यावं?

खर्जवेडा

मंडळी, सल्ला हवाय.

आमचा पाच जणांचा बँड आहे: दोन गिटार, ड्रम, गायिका आणि बास गिटारवर मी. तालमीच्या खोलीत माझा छोटा काँबो (ॲम्प आणि एकच दहा इंची स्पीकर एकाच पेटीत) पुरत होता. आता बाहेर वाजवायला लागलोय. ड्रमरने हात मोकळा सोडला की बास गायब होतो. आवाज वाढवला की स्पीकर फडफडतो. समोर बसलेले मित्र म्हणतात, "काहीतरी घुमतंय एवढं कळतं, पण तू काय वाजवतोयस ते कळत नाही."

तिघांनी तीन सल्ले दिले. एक म्हणाला ५०० वॉटच्या खाली बघूच नकोस. दुसरा म्हणाला बास म्हणजे १५ इंची स्पीकर, दहा इंची गिटारवाल्यांसाठी असतो. तिसरा म्हणाला ॲम्प कशाला वाहतोस, एक मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारी पेटी) घे आणि थेट पीएला (सभागृहाच्या स्पीकरना) लाव.

पैसे एकदम सगळ्यासाठी नाहीत, टप्प्याटप्प्याने घ्यावं लागेल. पेडलही हवेत: थोडा ड्राइव्ह (खरखर), ऑक्टेव्हर (खालचं सप्तक जोडणारा), कॉम्प्रेसर (जोर-हळू सारखं करणारा). सुरुवात कुठून करू? आणि का, तेही सांगा. नुसती मॉडेलची नावं नकोत.

चारतारा

कॅबपासून, म्हणजे स्पीकरच्या पेटीपासून सुरुवात करा. हेड (नुसता ॲम्प) नंतर, पेडल सगळ्यात शेवटी.

कारण सांगतो. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला हा फरक जाणवतो, पण फार नाही. आवाज "दुप्पट मोठा झाला" असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे ३०० वरून ५०० वर उडी मारून गायब झालेला बास परत येत नाही.

कॅबच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात. एक कॅब ९४ चा आणि दुसरा १०० चा असेल, तर मधला ६ डेसिबलचा फरक म्हणजे चौपट वॉट. १०० च्या कॅबला २०० वॉट दिले की जो आवाज येतो, त्यासाठी ९४ च्या कॅबला ८०० लागतात. आणि तेवढे वॉट तो कॅब सहन करेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, तसाच आणखी एक कॅब जोडला तर खालच्या पट्टीत जवळजवळ ६ डेसिबलपर्यंत फायदा होतो. ओहम (कॅबचा विजेला होणारा अडथळा) निम्मे झाल्यामुळे ॲम्प जास्त वॉट देतो आणि हवा ढकलणारा पडदाही दुप्पट होतो. एवढा फायदा ॲम्पचं कुठलंही नवं मॉडेल घेऊन होत नाही.

तुमचा स्पीकर फडफडतोय तो वॉट कमी पडतात म्हणून नाही. एकट्या दहा इंची पडद्याला जेवढं पुढेमागे हलता येतं, त्याची हद्द संपली आहे. त्यालाच मोठा ॲम्प जोडलात तर तो जास्त लवकर फाटेल.

रियाजी

आधी एक विचारतो. जिथे वाजवता तिथे बास पीएमधून जातो का? की प्रेक्षकांना फक्त तुमच्याच ॲम्पचा आवाज मिळतो? यावर सगळं अवलंबून आहे.

खर्जवेडा

दोन्ही प्रकार आहेत. मोठ्या जागी डीआय घेतात, म्हणजे बासचा सिग्नल तारेने थेट मिक्सरला. लहान जागी पीएमध्ये फक्त गाणं आणि बास ड्रमचा माइक, बाकी सगळं स्टेजवरूनच.

रियाजी

मग लहान जागांचा विचार करून घ्या. मोठ्या जागी तुमचा ॲम्प म्हणजे तुमचा स्वतःचा मॉनिटर असतो, काम भागतं. खरी परीक्षा लहान जागीच होते.

पाचवीतार

१५ इंचीच्या सल्ल्याबद्दल. हा समज इतका पसरलाय की त्यावर जरा सविस्तर लिहिते.

चार तारी बासचा ओपन ई ४१.२ हर्ट्झचा. पाच तारीचा ओपन बी ३०.९. "खोल" आवाज हवा म्हणजे स्पीकरने ४१ हर्ट्झ जोरात वाजवायला हवं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात स्टेजवरचे बहुतेक कॅब ५०-६० च्या खाली उतरतात तसे पडत जातात. ॲम्पेगचा प्रसिद्ध आठ-दहा घ्या, ८१०ई. रॉकच्या स्टेजवर बास कसा वाजावा याचं अनेकांच्या मनातलं चित्रच त्या कॅबने तयार केलंय. त्याच्या कागदावर ३ डेसिबलची घसरण ५८ हर्ट्झलाच दाखवलेली आहे. आणि त्यात एकही १५ इंची नाही, आठही दहा इंची.

मग ई कसा ऐकू येतो? त्याच्या वरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे दुप्पट-तिप्पट-चौपट कंपनांमुळे. ८२, १२४, १६५ हर्ट्झ कानात शिरले की मेंदू तळाचा स्वर स्वतःच जोडून घेतो. म्हणून ऐकू येणारा बास साधारण ८० ते ८०० च्या पट्ट्यात असतो. त्याच पट्ट्यात गिटारचा खालचा भाग, बास ड्रमची थाप आणि पुरुष गायकाचा आवाज गर्दी करतात. तुमच्या मित्रांना "घुमतंय पण कळत नाही" असं होतंय ते याचमुळे. तळ पोचतोय, मधला भाग पोचत नाहीये.

कॅब किती खोल वाजतो हे ठरवतात पडद्याचं एकूण क्षेत्रफळ, तो किती हलू शकतो ते आणि पेटीचं आकारमान व ट्यूनिंग. नुसता व्यास बघून काही कळत नाही. चांगला १२ इंची साध्या १५ पेक्षा खाली जातो.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. तोच आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल तर पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० ला जो पडदा १ मिलिमीटर हलतो, त्याला ४० ला तेवढ्याच आवाजासाठी ४ मिलिमीटर हलावं लागेल. म्हणून बासचा नॉब पूर्ण फिरवला की स्पीकर सगळ्यात आधी रडतो. यावर इलाज म्हणजे हाय पास फिल्टर. ३०-३५ च्या खालचं कापून टाका. तिथे संगीत जवळजवळ नसतं, हाताचे धक्के, तारेवर पडलेला अंगठा, स्टेजची थरथर हेच असतं. कापल्यावर कानाला फरक कळत नाही, पण पडदा शांत होतो आणि त्याच कॅबमधून स्वच्छ आवाज आणखी वर नेता येतो. काही हेडमध्ये हा फिल्टर आतच असतो, नसेल तर छोट्या डबीत वेगळा मिळतो. माझ्या मते पहिलं पेडल हेच घ्यावं, ड्राइव्ह नंतर.

जुनाव्हॉल्व्ह

वर सगळं आकड्यांत चाललंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

ॲम्पेगचा एसव्हीटी हा ॲम्प १९६९ साली आला. ३०० वॉट, पूर्ण व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा). आजच्या ८०० वॉटच्या छोट्या डब्यांच्या शेजारी ३०० हा आकडा किरकोळ वाटेल, पण एकदा त्याच्यासमोर उभं राहून बघा. व्हॉल्व्ह ॲम्प हद्दीपाशी पोचला की आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दबतो, कडा गोल होतात आणि वरचे हार्मोनिक्स वाढतात. पाचवीतार यांनी जे मधल्या पट्ट्याबद्दल लिहिलंय तेच काम तो न सांगता करतो. त्यामुळे तो वॉटच्या मानाने फार मोठा वाटतो, आणि बँडमध्ये सापडतो.

तोटे मान्य. नुसतं हेडच पस्तीस किलोंच्या पुढे, आठ-दहाचा कॅब साठ किलोंच्या वर. जिने असतील तर दोघं लागतात. व्हॉल्व्ह बदलावे लागतात. आणि कॅब न जोडता कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ओहमचं बटणही कॅबशी जुळलेलंच हवं.

पण स्टेजवर पाठीत जो धक्का बसतो, पँटचे पाय हलतात, त्यामुळे माझा हात वेगळा वाजतो. मी कमी स्वर वाजवतो आणि लांब धरतो. हे कागदावर येत नाही.

चारतारा

पटलं. फक्त धागाकर्त्यांची गाडी आणि पाठ दोन्हींचा विचार करू या. डी क्लासचं (हलक्या, आधुनिक सर्किटचं) हेड तीन किलोंच्या आत येतं आणि ५०० वॉट देतं. त्यापुढे व्हॉल्व्हच्या चवीचा एक प्रीॲम्प (आवाज घडवणारा पहिला टप्पा) लावला की तुमचं बरंचसं साधतं. सगळं नाही, पण बरंचसं.

जुनाव्हॉल्व्ह

बरंचसं, हो.

खर्जवेडा

खूप काही कळलं, आभार! आता नेमकं विचारतो. एक ओळखीचा वादक ८ ओहमचा ४×१० (चार दहा इंची स्पीकरचा) कॅब विकतोय, दुसऱ्याकडे ८ ओहमचा १×१५ आहे. दोन्ही घेऊन एकावर एक ठेवले तर? वर दिलेल्या सगळ्यांचं समाधान होईल, दहाही आणि पंधराही.

चारतारा

नका घेऊ. हा जोड दिसायला भारी दिसतो, म्हणूनच इतका चालतो.

हिशेब बघा. ८ ओहमचे दोन कॅब समांतर जोडले की ४ ओहम. हेडने ४ ओहमला ५०० वॉट दिले तर दोन्ही कॅबना २५०-२५० मिळतील, कारण दोघांचे ओहम सारखे. ४×१० मधल्या चार स्पीकरमध्ये ते २५० वाटले जातील, प्रत्येकाला ६२. पंधरा इंचीला एकट्याला २५०. म्हणजे खालचा स्पीकर दमला असताना वरचे चार आरामात बसलेले. आवाज वाढवताना पंधराने हात टेकले की तुमची हद्द संपली, वरचे कितीही ताकदवान असोत. त्यात ४×१० ची सेन्सिटिव्हिटी बहुधा जास्त असते, त्यामुळे तुम्हाला ऐकूही मुख्यतः तोच येणार. पंधरा मार खातो आणि देतो थोडंच.

शिवाय वेगवेगळ्या पेट्यांची फेज (लहरींच्या चढ-उताराची वेळ) सगळ्या पट्टीत जुळत नाही. काही स्वर फुगतात, काही पोकळ होतात. क्वचित एखादी जोडी छान जमून येते, पण ते ऐकूनच ठरवावं.

एकाच बनावटीचे दोन सारखे कॅब घ्या. तुमच्यासाठी दोन १×१२, दोन्ही ८ ओहमचे. लहान जागी एक न्या, मोठ्या जागी दोन. निओडिमियम मॅग्नेटचे असतील तर एका हातात एक येतो.

४ ओहमचा कॅब घेताना मात्र विचार करा. तो एकटा लावला तर हेडची पूर्ण ताकद मिळते, पण बहुतेक हेडची खालची मर्यादा ४ ओहम असते, म्हणजे दुसरा कॅब जोडायची वाट बंद. ४ आणि ८ मिळून २.६७ होतात. मागच्या बाजूला "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर हा जोड करायचा नाही.

रियाजी

यात भर. हेड ते कॅब स्पीकरचीच केबल हवी, गिटारची नाही. गिटारच्या केबलची आतली तार बारीक असते, तापते. दिसायला पाव इंची जॅक सारखाच असल्यामुळे घाईत अदलाबदल होते. स्पीकॉन असेल तर तोच वापरा, फिरवून बसतो, ओढला तरी निघत नाही.

आणि डी क्लास हेडच्या स्पीकर आउटमधून दुसरं काहीही घ्यायचं नाही, ना मिक्सरला ना दुसऱ्या ॲम्पला. अनेक हेडमध्ये त्याची दोन्ही टोकं जिवंत असतात, एकही अर्थिंगला जोडलेलं नसतं.

मिक्सरवाली

मी वाजवत नाही, मिक्सरमागे असते. तिथून जे दिसतं ते सांगते.

बास ऐकू येत नाही अशी तक्रार आली की वादक पहिला हात बास नॉबवर ठेवतो. त्याऐवजी मिड वाढवून बघा. २०० ते ४०० च्या आसपास अंग आहे, ७०० ते ९०० च्या आसपास बोटं आणि स्वराचा उच्चार. बास-ट्रेबल वर आणि मधलं खाली, असं स्मित काढलेलं इक्यू (बास-मिड-ट्रेबलची जुळवणी) एकट्याने वाजवताना फार देखणं वाटतं. बँड सुरू झाला की झांजा ट्रेबल खातात, बास ड्रम तळ खातो, आणि तुम्ही मधून स्वतःलाच कापून टाकलेलं असतं.

दुसरं कारण कानाचं आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते बरोबरीला येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे आलेखात मांडलं. म्हणून घरी रात्री हळू आवाजात जमवलेलं इक्यू स्टेजवर घुमतं. इक्यू वाजवायच्या आवाजालाच जमवा, आणि ड्रम वाजत असताना.

डीआयबद्दल विनंती. हेडवर प्री-पोस्टचं (सिग्नल हेडच्या इक्यूआधीचा की नंतरचा) बटण असेल तर मला प्री द्या. पोस्ट दिलं आणि तुम्ही गाण्याच्या मध्येच तुमच्या कोपऱ्यातली घुमघुम कमी करायला बास उतरवलात, तर तो अख्ख्या सभागृहातून उतरतो. तुमचा आवाज प्रीॲम्प पेडलमधून घडत असेल तर ते पेडल हेडच्या आधी लावा, मग प्रीमध्येही तो येतो. गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्ट दाबा. मिक्सरकडून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या तारेतून येणारी वीज) येणार असेल तर तुमच्या पेडलचा डीआय तो सहन करतो ना, हे घरी वाचून या.

स्टेजवरचा आवाज हा सगळ्यात नाजूक विषय. ४१ हर्ट्झची लहर सव्वाआठ मीटर लांब असते, ती कॅबच्या मागे, बाजूला, सगळीकडे पसरते. तुमचा कॅब समोर बघतोय म्हणून आवाज समोरच जातो असं नाही. तो गायिकेच्या माइकमध्ये शिरतो आणि मग मी पीएमध्ये काहीही केलं तरी तळ गढूळच राहतो. तुम्हाला स्वतःला ऐकू यायला जेवढा लागतो तेवढाच ठेवा, बाकी माझ्यावर सोडा.

हलकंफुलकं

मग तिसऱ्या मित्राचा सल्ला बरोबर नाही का? मी ॲम्प न्यायचं थांबवलं. एक मॉडेलर, त्यात कॅबचा आयआर (कॅबच्या आवाजाची डिजिटल नक्कल), तिथून मिक्सर, कानात इन-इअर मॉनिटर. स्टेज शांत, मिक्सरवाल्या ताई खूश, रोजचा आवाज एकसारखा. सगळं एका पिशवीत.

मिक्सरवाली

मी खूश असते, खरंच. पण त्यांच्या लहान जागी पीएमध्ये बासला जागाच नाही म्हणाले ना. सबवूफर नसलेल्या दोन बारक्या स्पीकरमध्ये गाणं आणि बास दोन्ही घातले की आधी गाणं खराब होतं. बासचा स्वर आला की पडदा झोके घेतो आणि गायिकेचा आवाज थरथरतो.

जुनाव्हॉल्व्ह

आणि ड्रमरला काय ऐकू येणार? आमचा ड्रमर बासवर टेकून वाजवतो. त्याच्या कानात इन-इअर नाही आणि मॉनिटरही लहान, तर कॅबच त्याचा आधार.

हलकंफुलकं

मान्य. माझ्याकडे सगळ्यांनी इन-इअर घेतलेत, म्हणून चालतं. एकट्याने घेऊन चालत नाही, पूर्ण बँडने मिळून ठरवावं लागतं. जे नवीन घेतील त्यांना एवढंच: कॅब सिम्युलेशन मिक्सरकडे जाताना चालू ठेवा. स्टेजवर खऱ्या कॅबमध्ये जाताना बंद, नाहीतर कॅबमधून कॅब असा दोनदा गाळला जाऊन आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. दोन वेगळे आउटपुट असलेलं यंत्र घ्या.

पेडलपंडित

इफेक्ट्सची वेळ आली म्हणून लिहितो.

खर्जवेडा, तुम्ही लिहिलेल्या तिघांत कॉम्प्रेसर आधी घ्या. बोटाने वाजवताना एक स्वर जोरात, दुसरा हळू, हे सगळ्यांचं होतं. बँडमध्ये हळू स्वर बुडतात आणि ओळ तुटक ऐकू येते. ४:१ च्या आसपास रेशो, ॲटॅक २०-३० मिलिसेकंद म्हणजे तारेचा पहिला टणत्कार सुटतो, आणि जोरात वाजवल्यावर सुई ४-५ डेसिबल हलावी. त्याहून जास्त दाबलं तर एकट्याने गुळगुळीत वाटतं, बँडमध्ये जीव जातो. किती दाबलं जातंय ते दाखवणारा मीटर किंवा दिवे असलेलंच पेडल घ्या. कॉम्प्रेशन कानाने ओळखायला वेळ लागतो, तोवर डोळ्यांची मदत होते.

ड्राइव्ह. गिटारचा ड्राइव्ह बासला लावला की तळ पळून जातो, याचं कारण आतल्या सर्किटमध्ये आहे. ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या प्रसिद्ध ड्राइव्हमध्ये क्लिपिंगच्या (आवाज फाटण्याच्या) टप्प्यातच सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचं कमी कमी होत जातं. गिटारसाठी ते मुद्दाम केलंय, गढूळपणा टाळायला. बासचा तर सगळा संसारच ७२० च्या खाली. म्हणून ब्लेंडचा नॉब असलेला ड्राइव्ह घ्या, स्वच्छ आवाज खालून तसाच चालू राहतो आणि वर फक्त खरखर चढते. ब्लेंड नसलेला फझ (जास्त खरखरीचा ड्राइव्ह) आवडला असेल तर वेगळी ब्लेंडर पेटी मिळते, पण तेव्हा फेज तपासा. काही पेडल सिग्नल उलटा करतात. मग स्वच्छ आणि ड्राइव्ह मिळाल्यावर आवाज वाढण्याऐवजी पातळ होतो. पेटीवर फेजचं बटण असेल तर दाबून बघा, ज्या बाजूला आवाज भरतो ती बाजू बरोबर.

आणि ड्राइव्ह लागलाय हे एकट्याने वाजवताना जेवढं जाणवतं, तेवढं बँडमध्ये जाणवत नाही. दोन गिटार असताना थोडी जास्तच खरखर ठेवावी लागते. पूर्ण बँडमध्ये ती फक्त "बास पुढे आला" एवढीच ऐकू येते, आणि तेच हवंय. पाचवीतार यांचे हार्मोनिक्स, दुसऱ्या वाटेने.

ऑक्टेव्हर. बॉसचा ओसी-२ १९८२ चा, त्या आवाजावर अजून सगळे जीव टाकतात. ॲनालॉग ऑक्टेव्हर एका वेळी एकच स्वर ओळखतात, दोन तारा एकदम वाजल्या की गडबडतात. आणि ओपन ए च्या खाली गेलात की अडखळायला लागतात. अडखळले नाहीत तरी काय मिळणार? ए ५५ हर्ट्झचा, त्याच्याखालचं सप्तक २७.५. तुमचा कॅब ते वाजवणारच नाही, उगाच पडदा हलेल. डी आणि जी तारेवर, मधल्या-वरच्या फ्रेटवर वाजवा, तिथे ऑक्टेव्हर सिंथसारखा भरतो. हाय पास फिल्टर अर्थात त्याच्यानंतर लावायचा.

क्रम: ट्यूनर, मग ऑक्टेव्हर (त्याला बासचा कच्चा सिग्नल लागतो), मग कधी घेतलात तर एन्व्हलप फिल्टर, कारण तो बोटाच्या जोरावर उघडतो आणि कॉम्प्रेसरने जोर सपाट केला तर तो उघडणारच नाही. मग कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, कोरस वगैरे, शेवटी फिल्टर आणि डीआय. याला अपवाद आहेत. ड्राइव्हनंतर एन्व्हलप फिल्टर फार सुंदर ओरडतो.

पॉवर सप्लाय प्रत्येक पेडलला वेगळी आयसोलेटेड लाइन देणारा घ्या. डिजिटल पेडल ३०० मिलिॲम्पिअर किंवा जास्त ओढतात, तेच ॲनालॉगबरोबर एकाच माळेत लावले की बारीक शिट्टी येते. पेडलबोर्डवर सगळ्यात कंटाळवाणी वस्तू हीच, आणि कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळा हीच वाचवते.

पाचवीतार

+१. आणि प्रत्येक पेडल चालू-बंद केल्यावर एकूण आवाज सारखा राहतो ना, ते कॅबवर मोठ्या आवाजात जमवा. हेडफोनवर सारखं वाटलेलं स्टेजवर सारखं राहत नाही.

शांतपणे

एक मुद्दा राहिला, कानांचा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला पंधरा मिनिटं. तालमीतला ड्रम सहज तिथे पोचतो. संगीतकारांसाठीचे फिल्टर असलेले इअरप्लग घ्या, ते सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करतात, त्यामुळे वाजवता येतं. पेडलच्या आधी हे घ्या.

खर्जवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा आणि चार-दहा दोन्हींना नाही म्हणालो. दोन सारखे १×१२ घेतले, ८ ओहमचे, आणि डी क्लासचं हेड, ४ ओहमला ५०० वॉट. हाय पास फिल्टर आतच आहे. इअरप्लगही घेतले. तालमीत एकाच कॅबवर ड्रमच्या बरोबरीने ऐकू आलो, मास्टर व्हॉल्यूम निम्म्यावरही नव्हता.

बाहेर एका जागी मात्र विचित्र झालं. दोन कॅब शेजारी शेजारी ठेवले होते, मागे भिंतीपासून थोडे पुढे. काही स्वर दणदणीत, एक-दोन स्वर जवळजवळ नाहीतच. डी तारेवरचा एफ तर शोधूनही सापडेना. कॅबमध्ये काही बिघाड असेल?

पाचवीतार

कॅब ठीक आहे. स्पीकरच्या पडद्यापासून मागची भिंत साधारण एक मीटर होती का?

मागे गेलेली लहर भिंतीवरून परत येते. जाऊन-येऊन झालेलं अंतर अर्ध्या लहरीएवढं भरलं की ती पुढच्या लहरीला खोडते. एक मीटरला हे ८६ हर्ट्झच्या आसपास होतं. डी तारेवर तिसऱ्या फ्रेटचा एफ ८७ चा. तुमचा हरवलेला स्वर तोच.

कॅब मागे सरकवून भिंतीला जवळजवळ टेकवा. मग खड्डा २०० च्या वर जातो, तिथे तो तेवढा बोचत नाही. भिंतीमुळे तळ फुगेल, तो हेडवर थोडा उतरवा. मागे पोर्ट (हवेचं छिद्र) असलेला कॅब असेल तर हातभर नाही तरी वीतभर जागा सोडा.

आणि दोन कॅब शेजारी नको, एकावर एक. शेजारी ठेवले की बाजूला उभ्या असलेल्यांना मधल्या-वरच्या पट्टीत दोघांचा आवाज एकमेकांना कापत पोचतो. एकावर एक ठेवले की तो आडवा सारखा पसरतो, आणि वरचा स्पीकर तुमच्या कानाच्या जवळ येतो. जमिनीवरचा कॅब गुडघ्यांना ऐकवतो. एकच कॅब असेल तेव्हा त्याला मागे कलता ठेवा. पोकळ लाकडी स्टेज असेल तर खाली फोमची गादी घाला.

खर्जवेडा

भिंत साधारण तेवढ्याच अंतरावर होती. पुढच्या वेळी उभे लावतो.

शेवटचा प्रश्न मिक्सरवाली यांना. मिड वाढवल्यावर मी ऐकू येतो, पण दुसऱ्या गिटारवाल्याचा आवाज इतका जाड आहे की रिदम सुरू झाला की परत धूसर होतं. त्याला वाईट न वाटता कसं सांगू?

मिक्सरवाली

सांगू नका, ऐकवा. तालमीत खोलीच्या मध्यावर एक रेकॉर्डर ठेवा. तेच कडवं दोनदा वाजवा. पहिल्यांदा त्याचा नेहमीचा आवाज, दुसऱ्यांदा त्याच्या ॲम्पवरचा बास नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी उतरवून आणि गेन थोडा कमी. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झची आहे. तिच्या खालचं आणि आसपासचं मी मोठ्या कार्यक्रमात तसंही कापते, कधी १०० पर्यंत. एकट्याने त्याला आवाज बारीक वाटेल, तेव्हा त्याला एकट्याने वाजवायला लावू नका, थेट पूर्ण बँड.

मग दोन्ही रेकॉर्डिंग सगळ्यांनी एकत्र बसून ऐका. दुसऱ्यात त्याची स्वतःची गिटारही जास्त मोकळी ऐकू येते, आणि ते तो तुमच्या आधी ओळखेल.